गौतमीनं नाव सांगितलं नाही

चिकलठाणा,
जून १९७९

प्रिय लीलाबाई,

जयभीम. आम्ही इथं सुखरूप आहोत, हे आधी ऐक, मग बाकीचं. आपला साहेबराव कारखान्यात लागला. खोलीही बरी आहे. बहिणीकडं तुझं कसं चाललंय? गुडघा दुखतो का?

काल नातीला, साहेबरावाच्या गौतमीला, पहिलीत घालायला नेलं. वाटेत मी शाळेतली पाखरांची कविता म्हणत होतो, ती नुसते ओठ हलवत होती. शाळेत पोरांच्या पाट्या बघून मला ओल्या फडक्याचा वास आठवला. लई बरं वाटलं.

वय झालंय का ते बघायला गुरुजींनी तिला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावलं. गौतमीनं लगेच धरला. मला वाटलं, झालं काम.

मग त्यांनी नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प.

"मुकी आहे का हो, बाबा? पुढच्या वर्षी आणा."

घरी आल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "आजीनं कुणाला नाव सांगू नको म्हटलंय."

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून आपली वस्ती पेटवली, तेव्हा उसात लपताना तू तिला बजावलं होतंस. पोर ते अजून पाळतंय. तुझा दोष नाय, त्यानंच ती वाचली.

मी समजवायला बसलो, पण मग आठवलं. ही खोली मिळावी म्हणून साहेबरावानं मालकाला खोटं आडनाव सांगितलंय, तिच्यासमोरच. आता खरं नाव सांगायला हरकत नाही, असं तिला कोणत्या तोंडानं सांगू?

पुढच्या वर्षी तरी तिला तसं सांगता येईल, असं मला वाटत नाय.

जिवाला जप.

तुझा,
कडुबा