देठाकडचा तुकडा

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

चि. ऋतिका हिला अनेक आशीर्वाद.

पहिला कागद फाडून टाकला. पाच वर्षं तुझ्या नावाआधी 'चि. सौ.' लिहायची सवय, त्यामुळे 'सौ.' लिहूनच बसले आणि मग त्याच्याकडे बघत राहिले. खोडलं असतं तर ते खोडलेलं तुला दिसलं असतं. म्हणून नवीन कागद घेतला. आशीर्वाद मात्र पूर्वीचेच आहेत, ते घे.

तुझी तब्येत कशी आहे? बोरिवलीला तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही ठीक. बाबांची साखर थोडी वाढलीय, पण ऐकतात कुठे. चोरून पेढा खातात आणि वर मलाच विचारतात, डबा हलका कसा झाला. लिफ्ट पुन्हा बंद पडलीय, पंधरा दिवस झाले. पाचवा मजला चढून आले की मी जिन्यातच सेक्रेटरीच्या नावाने बोटं मोडते, म्हणजे दार उघडेपर्यंत डोकं शांत होतं.

तू म्हणशील, ह्यांना आज पत्र कसं सुचलं? फोन आहे, मेसेज आहे. पण मेसेजात लिहिलेलं मागाहून पुसता येतं गं. मी स्वतःला चांगली ओळखते, पुसलं असतं. कागद एकदा तुझ्या हातात गेला की माझी सुटका नाही.

नितेशच्या वर्षश्राद्धाला तू मेसेज केला होतास. 'आई, त्या सकाळी नितेश तुम्हाला काही म्हणाला होता का? एवढंच सांगा. माझ्या नजरेतून काय सुटलं, तेच मी सारखी शोधत बसते.' मी उत्तरादाखल दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दोन महिने झाले. तू पुन्हा विचारलं नाहीस. त्याचं उत्तर द्यायलाच बसलेय. पण मला आधी धोंडसाचं, त्या काकडीच्या केकचं सांगू दे, म्हणजे तिथवर पोचेन. मधे सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात पितृपक्षातल्या पंचमीला म्हाळ घातला. नितेशचं पहिलंच पान. बापाने मुलाचं पान वाढायचं, कसं वाढलं असेल ते मी लिहीत नाही. सहदेव भावोजी आदल्या दिवशी गावाहून आले, येताना पिशवीतून दोन तवशी, जून काकड्या, घेऊन. ही मोठी, पिवळी पडलेली, एकेक तान्ह्या पोराएवढं. म्हणाले, "वयनी, नितेशाक धोंडस आवडायचा, म्हणान मांडवावरची दोन राखून ठेवलंय." मी पिशवी घेऊन आत गेले आणि नळ सोडून रडले.

तुला आठवतं, तवसं चिरलं की देठाकडचा तुकडा नितेशला द्यायचा. लहानपणापासून ते त्याचं काम. तवसं वरून कितीही देखणं असो, आत कडू निघालं तर अख्ख्या धोंडसाची वाट. त्यात गूळ घाला, केळं कुस्करून घाला, खोबरं घाला, काही झाकत नाही. तो तुकडा चघळायचा, उगाच डोळे फिरवून पडायचं नाटक करायचा, आणि मग म्हणायचा, "झकास आहे, घाल." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने तो तुकडा तुला दिला. म्हणाला, "आजपासून ही ड्युटी तुझी." तू चावलास आणि सरळ बेसिनमध्ये थुंकलीस. "आई, कडूजहर आहे हे! टाकून द्या." माझ्या सासरहून आलेलं तवसं, आणि ही काल आलेली पोर म्हणते टाकून द्या! चार दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. पण तू म्हणालीस ते खरं होतं. ते मी तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

तर या वेळी मी पहाटे अंघोळ करून सोवळ्याने तवसं किसलं. रवा तुपावर भाजला, गूळ विरघळवला, दोन पिकलेली केळी, वेलची, जायफळ, सुंठ, काजू. खाली हळदीची पानं. गावी सासूबाई वर-खाली निखारे ठेवून करायच्या, इथे तुझा ओव्हन. तू गेल्यापासून त्यावर मी टेबलक्लॉथ टाकून ठेवला होता. तो काढला तर बाजूला तुझी चिठ्ठी चिकटलेली. 'आईंचं धोंडस. १८० वर पन्नास मिनिटं. मधे उघडायचा नाही. (आई, तुम्हालाच सांगतेय!)' वाचून हसू आलं गं मला. त्या दिवशी, त्या घरात, हसू. मग ओव्हन पुसून लावला.

आता चूक सांगते. म्हाळाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. पान वाढेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, हे माझ्या सासूबाईंपासून चालत आलंय. त्यामुळे देठाकडचा तुकडा मी कापला आणि तसाच बाजूला ठेवला. चाखायचा कोणी? ज्याचं काम त्याचंच पान होतं.

सगळे जेवले. भावोजी, त्यांची मुलगी प्रांजल, खालच्या मजल्यावरच्या सोनूबाई, असे बारा-तेरा जण. धोंडस सगळ्यांच्या पानावर. "मस्त झालंय," सोनूबाई म्हणाल्या. भावोजींनी तर परत मागून घेतलं. मी सगळ्यात शेवटी बसले. पहिला घास तोंडात घातला आणि बाहेर काढावासा वाटला. कडू! साधं नाही, जीभ आक्रसून जाईल असं. तेरा माणसांनी ते गिळलं होतं आणि एकाने तोंड वाकडं केलं नव्हतं. माझ्या पोराच्या पानावर मी तेच वाढलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारलं, "इतकं कडू होतं, एका शब्दाने सांगितलं का नाहीत?"

ते वर्तमानपत्राची घडी घालत होते. म्हणाले, "तुला सांगायची सोय आहे का, सुगंधा? त्या पोरीने सांगितलं होतं एकदा. काय केलंस तिचं?"

त्यांना बिचाऱ्यांना तवशाचंच म्हणायचं होतं. पण मला ती सकाळ आठवली.

ऋतिका, त्या गुरुवारी सकाळी साडेसातला नितेश स्वयंपाकघरात आला होता. तू अंघोळीला गेली होतीस. मी तुझ्याच डब्याच्या पोळ्या करत होते. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, छातीत जळजळतंय गं. घाम पण येतोय. हा डावा हात बघ, जड झालाय." मी हात हातात घेऊन पाहिला. थंड होता. मी म्हटलं, "काल बाहेरचं चरलास ना, त्याचं आहे हे." ओवा आणि काळं मीठ हातावर दिलं, कोमट पाणी दिलं. तो म्हणाला, "ऋतिकाला सांगू का? तिच्या ऑफिसच्या जवळ डॉक्टर आहे तिच्या ओळखीचा." मी म्हटलं, "नको. ती लगेच तुला हॉस्पिटलात नेऊन झोपवेल. तासाभरात बरं वाटेल, बघ." तो "बरं" म्हणाला. छत्तीस वर्षांचा बाप्या, आईने सांगितलं म्हणून बरं म्हणाला.

मग तू बाहेर आलीस. केस पुसत होतीस. त्याच्याकडे बघून तू विचारलंस, "काय रे, चेहरा असा का?" तो तोंड उघडणार, त्याच्या आत मी बोलले. "काही नाही, झोप झाली नाही त्याची." तू त्याच्या कपाळाला हात लावलास, डबा घेतलास आणि गेलीस. दारातून परत मागे वळून बघितलंस. ते मला दिसलं होतं. तुला दिसलं होतं गं सगळं. मी मधे उभी होते.

अकरा वाजता तो बाथरूमच्या दारात पडला. पुढचं तुला माहीत आहे.

आता जे लिहायचं ते खरं. मी अडाणी नाही. टीव्हीवर शंभर वेळा ऐकलंय, डावा हात, घाम. मग मी का नको म्हटलं? तुमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्याला ताप आला, दाढ दुखली, ऑफिसात कोणाशी वाजलं, सगळं आधी तुला. मला चार दिवसांनी कळायचं, तेही तुझ्या तोंडून. त्या सकाळी तो आधी माझ्याकडे आला. मला बरं वाटलं. पोराचा हात थंड पडला होता आणि मला आतून बरं वाटत होतं, की दुखलं तेव्हा त्याला आई आठवली. ते मला तुझ्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण. दुसरं काही शोधू नकोस, मी शोधून पाहिलंय.

हॉस्पिटलात तू मला विचारलंस, "आई, सकाळी काही म्हणाला होता का?" मी म्हटलं, "मला काय माहीत, बायको तू." आणि दहाव्याला सगळ्यांच्या देखत बोलले, "नवऱ्याला काय होतंय हे जिला कळत नाही, ती कसली बायको." तू माझ्याकडे बघितलंस. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्या दिवशीही सगळ्यांनी कडू गिळलंच. तीन महिन्यांनी तू बॅग भरलीस तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मुद्दाम.

हे सगळं मी पंचमीला संध्याकाळी बाबांना सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, त्या दिवशी उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग." तेव्हापासून ते हॉलमध्ये एकटे जेवतात. ताट मी वाढते, ते घेतात. 

येत्या रविवारी सर्वपित्री. दहाव्याला होती ती सगळी माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर मी हे तोंडाने सांगणार आहे. तरी तोंडाचा भरवसा नाही, म्हणून हा कागद तुझ्याकडे राहू दे. पुढेमागे कोणी तुला काही म्हणालं, किंवा तू स्वतःच स्वतःला म्हणायला लागलीस, तर काढून वाच. माझी सही आहे खाली.

माफ कर असं मी म्हणत नाही. काय तोंडाने म्हणू? आणि हे वाचून तू इथे धावत यावंस असंही नाही. तुला माझा राग येऊ दे. चांगला सणसणीत येऊ दे. चौदा महिने तू तो स्वतःवर काढलास, तो माझ्या वाट्याचा होता.

दुसरं तवसं शिल्लक होतं. काल त्याचं धोंडस केलं. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे १८० वर, पन्नास मिनिटं, मधे ओव्हन उघडला नाही. स्टुलावर हात बांधून बसले होते, बाबा दारातून बघून गेले. नितेशच्या डब्यात भरून बाबांबरोबर पाठवतेय. ते दाराशी देतील आणि वळतील. तुला वाटलं तर त्यांना आत घे, त्यांचा यात काही दोष नाही. पाणी दे, पण गोड देऊ नकोस. डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून त्यात काही भरायच्या भानगडीत पडू नकोस. डबा तुझाच, त्यावर त्याचं नाव आहे.

धोंडसाचा एक कोपरा तुटलेला दिसेल, तो मी खाल्लाय. त्याआधी देठाकडचा तुकडा खाल्ला, मग शेंड्याकडचाही. गोड आहे. त्याच्या पानावर वाढताना चाखता येत नव्हतं. तू आहेस, म्हणून चाखून पाठवतेय.

आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, दोन महिने उशिरा: हो, म्हणाला होता. मला म्हणाला होता. तुझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

इथे 'तुझी आई' असं लिहायचे. आज ती जागा कोरी ठेवते.

सुगंधा