चार्जर चांगला आहे

प्रिय वासिल,

तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. फार थकवा आलाय, आणि तोही काही काम न करता. मारिका म्हणते, वय झालं. मी हो म्हणतो, बायकोला हो म्हटलं की विषय संपतो.

सास्काटून शहरात लेकीकडे तुम्हा दोघांचं बस्तान बसलं का? इथे पारा अजून उणे तीसच्या वर यायला तयार नाही. तुझ्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा बर्फ नेस्टर अजूनही दर आठवड्याला काढतो. तिथे आता चार जळके खांब सोडले तर काही नाही, तरी काढतो. गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख म्हणून त्याला वाईट वाटत असणार.

तो चार्जर माझ्याकडे आहे. हिवाळ्यात आपल्या आगीच्या बंबाची बॅटरी उतरू नये म्हणून तू हट्टाने आणलेला, तोच. तुमच्या आगीच्या दिवशी बंब सुरू झाला नाही आणि नेस्टरने संतापून चार्जर कचऱ्यात भिरकावला. दुसऱ्या दिवशी मी उचलून आणला. खरंच बिघडलाय का, ते मला बघायचं होतं.

माझ्या पिकअपची बॅटरी काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. मग चार्जर जोडला. आकडा हलला नाही तर चार्जर गेला समजायचं. पण तो चढला. तेरा, चौदा, आणखी जरासा, आणि दुपारपर्यंत सव्वातेरावर उतरून हिरवा दिवा लावून गप्प बसला. चांगल्या चार्जरने असंच वागायचं असतं. मी म्हटलं, मीटर खोटं दाखवत असेल. नेस्टरचा मागून आणला, तेच आकडे. थंडीत रुसत असेल म्हणून दोन दिवस घरामागच्या शेडमध्ये ठेवला, तिथेही काम चोख. मग हेडलाइट लावून बॅटरी अर्धी उतरवली, तर पठ्ठ्याने सकाळपर्यंत भरून दिली. मारिका वैतागली. "अहो, त्या डब्याची नाडी अजून किती दिवस बघणार? माझ्या कणीक मळायच्या जागेवर बसवलाय जावई!" मला हसू आलं नाही. प्रत्येक वेळी चिमटे जोडताना मी देवाला विनवत होतो की हा बिघडलेला निघू दे.

कॉफीच्या दुकानात सकाळी रोज तुझाच विषय असतो. परवा कोणीतरी म्हणालं, "वासिलला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? आणला भिकार चार्जर, आणि स्वतःचंच घर घालवून बसला." बाकीचे हसले. मी तिथेच होतो. कप खाली ठेवून घरी आलो. तुझी बायको हान्या मारिकाला फोनवर म्हणाली म्हणे, "याला पुढे पुढे करायची हौस. आता भोगतेय मी." तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाही, हेही तिनेच सांगितलं. आणि नेस्टरला आलेलं तुझं पत्र त्याने मला वाचायला दिलं. जमीन विकतोस, बंबाचं काम सोडतोस, गावात तोंड दाखवायची लाज वाटते. गुरुवारच्या बैठकीत तो ते सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

वासिल, चार्जरमध्ये काहीही बिघाड नाही. नाताळच्या जेवणाच्या दिवशी बंबाच्या शेडमध्ये कॉफीच्या मोठ्या भांड्यासाठी सॉकेट मोकळं सापडेना, म्हणून मी चार्जरचा प्लग काढला. परत लावायचा राहिला. पुढच्या दोन सोमवारी बंब चालू करून बघायची पाळी माझीच होती. थंडीचा कंटाळा केला आणि बघून आलो म्हणून ठोकून दिलं. बारा जानेवारीला तुमच्या आगीचा फोन आला तेव्हा शेडमध्ये पहिला मी पोचलो. किल्ली फिरवली, काहीच नाही. वाकून पाहिलं तर प्लग जमिनीवर पडलेला. बाहेर नेस्टरची गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मी तो सॉकेटमध्ये खुपसला. पार उतरलेल्या बॅटरीला हा चार्जर ओळखतच नाही, दिवासुद्धा लागला नाही. नेस्टर आत आला तेव्हा मीच म्हणालो, "चार्जर गेलाय." त्याच्या गाडीच्या बॅटरीवरून बंब सुरू करण्यात पंचवीस मिनिटं गेली. नंतर तू बर्फात नुसत्या मोज्यांवर उभा राहून म्हणालास, "चूक माझी, मीच आणला तो," तेव्हाही मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. गुरुवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं. माफी मागायला जीभ रेटत नाही. एवढंच कर, हे पत्र हान्याला मोठ्याने वाचून दाखव. तिच्या नवऱ्याने वस्तू चांगलीच निवडली होती.

अजूनही 'तुझाच' लिहायचं धाडस करणारा,
ओरेस्ट