आडवा चौदा

रविवार, ४ मार्च. सकाळी ८.
पेपरात फोटो आला! शब्दकोडे स्पर्धेत पहिला. सोबत मुलाखत. त्यात स्वच्छ सांगितलंय, बत्तीस वर्षं कोडी सोडवतोय, कुणाच्याही मदतीशिवाय. बायकोने दोनदा वाचलं आणि बॅग भरली. म्हणाली, राहा आता कुणाच्याही मदतीशिवाय. थोरल्या बहिणीकडे गेली. दोन दिवसांत येईल. राग कायम नाकावर.

बुधवार, ७ मार्च.
आली नाही. बरंय, शांतता. नवं कोडं झालंच, एक शब्द सोडून. आडवा चौदा : सुगंधी बागफूल आणि सॉस, दोन्हींचं नाव एकच. चार घरं, शेवटी ‘ट’. पूर्वी अडलं की अंघोळीला जायचो. बाहेर येईपर्यंत घरं पेन्सिलीने भरलेली. डोकं मोकळं झालं की मीच भरत असणार.

गुरुवार, ८ मार्च.
दोनदा अंघोळ केली. घरं रिकामी. साबण बदलायला हवा.

शुक्रवार, ९ मार्च.
चॉकलेट! सॉस असतोच. फुलाचं बघू नंतर.
दुपारी ३. उभ्या शब्दाने तिसऱ्या घरात ‘ने’ आणला. सत्यानाश. त्यात बाल्कनीतला पाचोळा घरभर. दार लावून घेतलं.

रविवार, ११ मार्च.
हॉटेलातल्या आचाऱ्याला विचारलं. म्हणाला, काका, आमच्याकडे सॉस दोनच, लाल आणि हिरवा. नर्सरीवाला म्हणाला, घरी बाईंना विचारा की, त्यांना सगळी फुलं ठाऊक. हसत होता मेला. विचारणार नाही म्हणजे नाही.

बुधवार, १४ मार्च.
परवा शेवटची तारीख. उद्या फोन करीन. फक्त कोड्यापुरता. घरात करमत नाही, हे बोलायचं नाही.

गुरुवार, १५ मार्च.
केला. ‘मिन्योनेट’, एका दमात सांगितलं तिने. सॉस शिंपल्यांवर घालतात. फूल आपल्याच बाल्कनीत, तिसऱ्या कुंडीत, बीपासून वाढवलंय म्हणाली. पाणी घालताय ना? म्हणालो, रोज. तिचा आवाज एकदम मऊ. म्हणाली, मग येते शनिवारी.

शुक्रवार, १६ मार्च.
तिसऱ्या कुंडीत काड्या. बादलीभर पाणी ओतलं, सगळं खालून वाहून गेलं. नर्सरीत रोप नाही. बी आहे. फुलं यायला दोन महिने. शनिवार उद्या. कोडं पाठवायचं राहूनच गेलं.
संध्याकाळी ६. काही सुचेना, म्हणून अंघोळीला गेलो. बराच वेळ थांबलो आत. बाहेर येऊन बघितलं. काड्याच.