मंगळवारचा सहाचा टाइम

३ मार्च, मंगळवार. संध्या. साडेसात.
आजपासून टेन्शन बंद. मान तीन आठवडे डावीकडे वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, डोक्यात काय चाललंय ते बघा. डोक्यात काय चालणार? गाद्यांच्या शोरूममध्ये अकरा वर्षं असिस्टंट मॅनेजर आहे. महिनाअखेर मॅनेजर रिटायर होतायत. त्यांच्या खुर्चीत मोठे साहेब, म्हणजे आमचे मालक, कोणाला तरी बसवणार. कोणाला तरी म्हणजे मलाच. दुसरा आहे कोण? सुस्कारे? (खरं नाव वेगळं. दर वाक्याआधी सुस्कारा टाकतो.)
म्हणून मसाज. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक काका करतात. खोलीत दोन टेबलं, मधे पडदा. पालथं पडायचं, तोंड टेबलाच्या भोकात घालायचं. खाली फरशी आणि काकांच्या निळ्या रबरी चपला. बस. भिंतीवर पाटी आहे: कृपया बोलू नये. फार आवडली. मी मुळात अबोल.

४ मार्च
मान अर्धी वळते! हिला वळवून दाखवली. ही म्हणाली, वळलीच आहे तर सिंककडे पण एकदा बघा, तुमचा कालचा कप तिथेच आहे.

१० मार्च, मंगळवार
आजही एक शब्द बोललो नाही. काकांनी विचारलं, टेन्शन कसलं, तेव्हा फक्त चाळीस मिनिटं थोडक्यात सांगितलं. काका नुसतं हं म्हणतात. घरी इतकं कोण ऐकतं?
मनावरचा मोठा दगडही उतरवला. आमच्या घरी आमच्या कंपनीची गादी नाही. चौकापलीकडच्या दुकानातली आहे, निळ्या काठाची. आमच्या कंपनीच्या गादीवर तीन रात्री झोपलो आणि चौथ्या दिवशी मोजे घालायला वाकता येईना. गिऱ्हाइकांना मात्र रोज सांगतो, घरी हीच वापरतो, पाठ बघा माझी! हे फक्त हिला ठाऊक होतं, आता काकांना. काका पोटात ठेवणारा माणूस. चेहऱ्यावरूनच कळतं. (चेहरा अजून नीट पाहिलेला नाही.)

१२ मार्च, गुरुवार
मोठे साहेब शोरूममध्ये आले तेच खांदा चोळत. संधी सोडतो की काय! मसाजवर दहा मिनिटं बोललो, काकांचं कार्ड हातात ठेवलं. बघतो म्हणाले. सुस्कारे बाजूला उभा राहून सुस्कारा टाकत होता. याला लोणी लावणं म्हणत नाहीत, माणुसकी म्हणतात.

१७ मार्च, मंगळवार
आज पलीकडच्या टेबलावर गिऱ्हाईक होतं. काका एकाला मसाज करतात तोवर दुसऱ्याला गरम पिशवीचा शेक. भोकातून पडद्याखाली त्याचे पाय दिसले, स्टुलावर बसून बूट काढत होता. राखाडी मोजे, उजव्या अंगठ्याशी पिवळ्या दोऱ्याने रफू. राखाडीवर कुठे पिवळा शोभतो! बिचाऱ्याकडे लक्ष देणारं कोणी नसावं. त्याचंही मन रमावं म्हणून जरा मोठ्याने बोललो. गादीचा किस्सा चौथ्या दिवसासकट पुन्हा सांगितला. मॅनेजर झाल्यावर पहिल्या दिवशी सुस्कारेला गोडाउनला पाठवणार, तेही सांगितलं. साहेबांची नक्कलही केली. पालथं पडून नक्कल करणं सोपं नाही. पडद्यापलीकडून खोकला आला. हसू दाबत असणार.
मान पूर्ण वळते. मी सुखी आहे.

२३ मार्च, सोमवार
घात झाला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी गादी कोणाची? छातीवर हात ठेवून म्हणालो, आपलीच. साहेब म्हणाले, मग काठ निळा कसा? आणि हल्ली मोजे घालायला वाकता येतं ना?
पायाखालची फरशी सरकली. मोजे! हे जगात दोघांनाच ठाऊक.
घरी येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, तुमच्या गादीवर गावभर बोलत हिंडण्याइतकी मी रिकामी नाही. आणि दार लावून घेतलं. म्हणजे ही नाही.
म्हणजे काका. अस्तनीतला निखारा!

२४ मार्च, मंगळवार. सहा वाजता. घरीच.
गेलो नाही. फोन करून काकांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही माझा केसाने गळा कापलात. काका म्हणाले, दिवसाला अकरा पाठी हाताखालून जातात, कोण काय बोललं माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून तर पाटी लावलीय. काय हा साळसूदपणा!
खरं लिहितो. अकरा वर्षांत कोणापाशी इतका मोकळा झालो नव्हतो. पाठीवर हात ठेवणाऱ्यानेच असं करावं? फार लागलं मनाला.
मान पुन्हा अर्धीच.

३० मार्च, सोमवार
आमच्याकडे पद्धत आहे. नवी गादी आली की मोठे साहेब सगळ्यांसमोर बूट काढून तिच्यावर आडवे होतात. आम्ही भोवती उभे. महत्त्वाची घोषणा करायची तर तिथेच, आडवं पडून.
आज साहेबांनी बूट काढले.
राखाडी मोजे. उजव्या अंगठ्याशी पिवळा दोरा.
पुढचं नीट ऐकू आलं नाही. टाळ्या वाजल्या, सुस्कारे मॅनेजर झाला. जन्मात पहिल्यांदा सुस्कारा न टाकता बोलला. साहेब उशीवरून माझ्याकडे बघून म्हणाले, मसाजचा सल्ला फार उपयोगी पडला, मनातल्या सगळ्या शंका फिटल्या. मला गोडाउन. आणि उद्या आपली एक गादी माझ्या घरी पोचवायची, कंपनीकडून भेट.

३१ मार्च, मंगळवार. दुपारी चार.
गादी आली. ही म्हणाली, आत आणायची नाही. हॉलमध्ये टाकली. दुपारी तासभर पडून पाहिलं. मान आता उजवीकडेही वळत नाही.
काकांना फोन केला. माफी मागितली. कसली, ते त्यांना आठवेना, पण दिली. नेहमीचा सहाचा टाइम मागितला. म्हणाले, तो आता एका साहेबांनी कायमचा घेतलाय. फार सज्जन, एक शब्द बोलत नाहीत. गेल्या मंगळवारी मात्र विचारत होते, शेजारचे आज आले नाहीत का? पलीकडचं टेबल सहाला रिकामं आहे, येता का?
येतो म्हणालो. मानेचा प्रश्न आहे.
आज मात्र तोंडातून चकार शब्द काढणार नाही. काकांनी विचारलं तरच.