दीड किलोमीटरचा बिंदू

वरकुटे, ता. इंदापूर

तीर्थरूप प्रयागआत्यास,

स्वरालीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पायांवरच, गुडघ्यांना हात लावत नाही, घाबरू नकोस). मोरगावची हवा मानवते का? फोनवर विचारलं की "मी बरी हाय" म्हणून तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.

दिवाळीत ऋषिराजदादा तुला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "फाट्यापासनं वस्ती दीड किलोमीटर. असल्या गुडघ्यांनी आई हितं कशी ऱ्हाणार?" मी तुझी पिशवी उचलून दिली. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हमाली केली! म्हणून मी दर रविवारी जळोचीला माधवी मॅडमकडे अॅक्युप्रेशर शिकायला जाते. (चिनी वैद्य सुया टोचतात, आम्ही नुसता अंगठा दाबतो.) तिथे कळलं की गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट, असा एक बिंदू असतो. त्याचं चिनी नाव 'पायाचे तीन ली'. ली म्हणजे त्यांचं अंतराचं माप. तो दाबला की दमलेला माणूस आणखी तीन ली चालतो, अशी त्यांची जुनी समजूत. तीन ली म्हणजे साधारण दीड किलोमीटर. आत्या, म्हणजे बरोबर फाट्यापासून आपली वस्ती!

घरी येताच अप्पांचा पाय धरला. पाच मिनिटांत म्हणाले, "व्हय, लई बरं वाटतंय. आता सोड की." मग शेजारच्या कुशाबाई. त्या म्हणाल्या, "पोरी, गुडघा ऱ्हायला बाजूला, आता नडगी ठणकाय लागली." तरी मी हटले नाही. महिन्याभरात निम्म्या वस्तीचे पाय दाबून झाले (उरलेले लोक मला पाहून वाट बदलतात). मग मॅडमनी वहीतली मापं पाहिली आणि विचारलं, "चार बोटं कुणाची?" मी म्हटलं, "माझी." त्यांनी कपाळाला हात लावला. बोटं ज्याचा पाय त्याचीच घ्यायची असतात! माझी बोटं पेन धरणारी, बारीक. अप्पांची चांगली जाड. म्हणजे मी अख्ख्या वस्तीला बिंदूच्या वरच दाबत होते, आणि अप्पांना लई बरं वाटत होतं.

अप्पा अजून ओट्यावर बसून तुलाच "अक्के, चा टाक" म्हणतात. मग माझ्याकडे बघून खाकरतात. चहा मी करते. ते अर्धा पितात.

तुझी,
स्वराली

ता. क. तुझ्या उजव्या हाताची बोटं जुळवून कागदावर ठेव आणि पेन फिरवून आकृती पाठव. माप नक्की झालं की चार दिवसांसाठी ये. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडू नकोस.

ता. क. २. आकृती राहू दे. अप्पा फाट्यावर ट्रॅक्टर घेऊन उभा राहतो म्हणालेत, एक पाऊलही चालायचं नाही.

ता. क. ३. संस्कृती, आजीला पत्र तूच वाचून दाखवशील, म्हणून सांगते. ही ओळ तुझ्या पप्पांसमोर वाचू नकोस, आजीच्या कानात सांग: चार दिवस म्हणून लिहिलंय, पण परत पाठवायचा आमचा विचार नाही.