वरचा आकडा, खालचा आकडा

४ मे

सुट्टी लागली. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शाळा एकदम मोठी झाली. एकवीस खोल्या आणि एक मी.

मोठ्या बाईंनी हवेची वही दिली आहे. रोज प्रत्येक खोलीचे दोन आकडे लिहायचे, पुढे शेऱ्याचा रकाना. आकडे दाखवणाऱ्या डब्या उद्या बसणार आहेत, पण काल सराव म्हणून नुसता शेरा भरायला घेतला, तर लिहून बसले, "उद्यापासून कोणी नाही. करमणार नाही." बाईंनी चष्मा नाकावर ओढून वाचलं. म्हणाल्या, "मावशी, शेऱ्यात गोष्टी लिहू नका. शेऱ्यात काही झालं असेल तरच लिहायचं."

बरं. म्हणून ही दुसरी वही. इथे कोणाचा चष्मा नाही.

५ मे

मीटरवाला आला होता. त्याने एकवीस खोल्यांत एकवीस पांढऱ्या डब्या बसवल्या, समोरच्या भिंतीवर, दाराच्या काचेतून वाचता येतील अशा. मला समजावून सांगत होता आणि मी नुसती मान हलवत होते. शेवटी वैतागून म्हणाला, "मावशी, सोपं सांगतो. वरचा आकडा माणसं मोजतो, खालचा बाटल्या."

म्हणजे माणूस श्वास सोडतो तसा वरचा चढतो. रिकाम्या खोलीत चारशे वीसच्या आसपास राहतो, त्याच्या खाली काही जात नाही. बाटल्या-डब्यांतून जे उडतं — रंग, पॉलिश, गोंद — ते खालचा मोजतो. तो जितका कमी तितकं बरं.

बाकी कामं: सकाळी सगळ्या खिडक्या दोन तास उघड्या. मग ऊन चढायच्या आत बंद. पंख्यांच्या जाळ्या धुवायच्या. बेसिनखाली ओल दिसली तर कळवायचं. सुट्टीभर खोल्या कोंडून ठेवायच्या नाहीत, हे त्याने तीनदा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

७ मे

हे सगळं कशामुळे, ते लिहून ठेवते.

गेल्या वर्षी सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी गाण्याच्या बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि अर्ध्या तासात भिंत धरून बाहेर आल्या. श्वास घेता येत नव्हता. दवाखान्यात न्यावं लागलं. नंतर वर्षभर तेच. खोलीत गेल्या की खोकला, घशाला सूज. आवाज बसला तो बसलाच. गाणं शिकवणाऱ्या बाईने खडूने फळ्यावर लिहून शिकवायचं, हे मला बघवत नव्हतं. मार्चमध्ये रजा टाकून गेल्या. सगळे म्हणाले गालिचा जुना आहे, बुरशी असेल. गालिचा फेकला.

शाळेत मला सगळे मावशी म्हणतात. लहान मुलांपासून मोठ्या बाईंपर्यंत. गाण्याच्या बाई एकट्याच नावाने हाक मारायच्या. शेवटचा तास सुटला की दोन कप चहा घेऊन मी त्यांच्याकडे. फार बोलणं नसायचंच. त्या पियानो पुसायच्या, मी बसायचे.

माझं नाव मार्चपासून कोणी घेतलेलं नाही.

१२ मे

सगळीकडे चारशे वीस. मुलाचा फोन आला, चार मिनिटं. त्यात दीड मिनिट "हॅलो, आवाज येतोय का?"

१५ मे

आज एक वेडेपणा केला. गाण्याच्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि आत तासभर बसून राहिले. काही न करता. वरचा आकडा चारशे वीसवरून चढत चढत सहाशे चार झाला. फक्त माझ्यामुळे! म्हटलं, चला, आहे म्हणायची मी.

मग खिडक्या उघडल्या. वीस मिनिटांत परत चारशे तीस. जशी मी नव्हतेच.

१९ मे

मोठ्या बाईंचा फोन. गाण्याच्या बाई परत येणार की नाही, ते पंधरा जूनला शाळा उघडायच्या आत कळवणार आहेत. डॉक्टर नको म्हणतात. त्या आल्या नाहीत तर खोलीत खेळाचं सामान ठेवायचं ठरलंय. मी विचारलं, "त्यांच्याकडची खोलीची किल्ली?" म्हणाल्या, "ती अजून परत आलेली नाही, मावशी. बघू या."

किल्ली परत आलेली नाही. दिवसभर हेच घोकत होते.

२० मे

किल्लीच्या आनंदात आज गाण्याची खोली घासूनपुसून काढली. माझ्या हातची खोली म्हणजे आरशासारखी लागते मला. बादलीत तीन टोपणं फिनेल टाकलं. इतर खोल्यांना एक, बाईंच्या खोलीला नेहमीच तीन. पुसून झाल्यावर धूळ नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या.

अर्ध्या तासाने डबीवर लाल दिवा. खालचा आकडा साठवरून एकोणीसशे! डबी बिघडली म्हणून मीटरवाल्याला फोन केला.

"मावशी, कसली बाटली उघडली?"

"कसलीच नाही. रंग नाही, पॉलिश नाही. नुसतं फिनेल."

तो म्हणाला, "किती टोपणं?"

२१ मे

मीटरवाला येऊन गेला. डबी ठणठणीत आहे.

त्याने मला समोर उभं करून दाखवलं. खिडक्या उघडल्या, खालचा आकडा उतरला. लावल्या, परत चढला. जमिनीत, लाकडी चौथऱ्यात मुरलेलं हळूहळू निघत राहतं, म्हणाला. "ज्याच्या छातीला सोसत नाही त्याला हे फार वाईट, मावशी. मागच्या सुट्टीत ही खोली कशी ठेवली होती?"

कशी ठेवली होती! रोज पुसून, तीन टोपणं घालून, दीड महिना कडेकोट बंद. दाराखाली फडकंसुद्धा कोंबलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून.

त्याला मी सांगितलं, आठवत नाही.

२२ मे

मला सगळं आठवतं. झोपच नाही.

दोन वर्षांपूर्वी बाई एकदा म्हणाल्या होत्या, "आज जरा कमी टाकलंत तर?" मला वाटलं, माझे कष्ट वाचवायला म्हणतायत. स्वभावच तसा त्यांचा. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवसापासून त्यांच्या खोलीला एक टोपण जास्त. तोवर दोन टाकत होते. तिसरं तेव्हापासूनचं.

फिनेल म्हणजे बाटली, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. फिनेल म्हणजे स्वच्छता. कोणी येणार असलं की फिनेल. आमच्याकडे माणूस नाक वर करून वास घ्यायचा आणि म्हणायचा, वा, काय लखलखीत ठेवलंय.

त्यांचा आवाज मी घालवला. गालिच्याने नाही. मी.

२४ मे

कोणाला माहीत नाही. गालिचा तर केव्हाच कचऱ्यात गेला, तो काही बोलायला येत नाही. मीटरवाल्याला संशय असेल, पण त्याला काय पडलंय. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. गप्प बसले तर कोणी विचारणारही नाही.

आणि त्या आल्या तर? मी चहा घेऊन समोर बसणार, आणि हे पोटात ठेवणार?

२७ मे

चारशे वीस, चारशे वीस, चारशे वीस. आज एक शब्द तोंडातून काढला नाही. संध्याकाळी मांजराला "हट" म्हटलं तेवढंच.

२९ मे

मोठ्या बाईंकडे गेले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तीन टोपणं, बंद खिडक्या, दाराखालचं फडकं, सगळं. फिनेलच्या उरलेल्या सात बाटल्या त्यांच्या टेबलाशी नेऊन ठेवल्या.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसल्या. मला वाटलं आता घरी बसा म्हणणार. म्हणाल्या, "गालिच्याला मीच दोष दिला होता. आणि फिनेलची मागणी वर्षानुवर्षं माझ्याच सहीने जाते." मग हवेची वही माझ्यापुढे सरकवली. "हे मात्र शेऱ्यात लिहा, मावशी."

लिहिलं. अक्षर वाकडं आलंय.

३० मे

आज गाण्याच्या बाईंना फोन केला. नंबर लावला, ठेवला, पुन्हा लावला. त्यांचा आवाज अगदी बारीक, खरखरीत.

मी पाठ केल्यासारखं बोलून गेले. माफ करा असं म्हणायचं होतं, त्याऐवजी "तीन टोपणं" हेच चारदा म्हणाले. बावळट.

बाई म्हणाल्या, "मला अंदाज होता."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोलले होते ना. पुन्हा सांगणं जिवावर आलं. तुम्ही इतक्या हौसेने पुसायचात. मला वाटलं, सवय होईल छातीला."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी त्यांचं मन राखायला जास्त टाकतेय, त्या माझं मन राखायला श्वास कोंडून बसल्यात! दोघी शहाण्या.

परत याल का, हे विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठे राहिलाय? त्याच म्हणाल्या, "बघते." नाव घेतलं नाही माझं. फोन ठेवला.

४ जून

आता साध्या पाण्याने आणि चिमूटभर साबणाने पुसते. लाकडी चौथरा उचलून मागच्या अंगणात उन्हात टाकला. एकटीला उचलेना, फरफटत नेला. कंबर बोलतेय. खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघड्या, हवा खेचणारा पंखा दुपारभर चालू.

खालचा आकडा एकशे दहा.

८ जून

सत्तर. खोलीत पाच मिनिटं उभं राहून नाकाने हवा ओढली. कसलाच वास नाही. आधी तर कसंसंच झालं, जसं काम केलेलंच नाही.

११ जून

खालचा तीस. सगळ्या शाळेत एवढा कमी कुठेच नाही. सांगायला कोणी नाही.

१३ जून

मोठ्या बाई म्हणाल्या, कळवलेलं नाही अजून, उद्या दुपारपर्यंत वाट बघू आणि मग खेळाचं सामान आत घ्या. रागाने नाही म्हणाल्या. मी हो म्हटलं. चेंडूंची पोती व्हरांड्यात आणून ठेवली आहेत.

दोन कप धुऊन ठेवले. का ते मलाच माहीत नाही. एक पुन्हा कपाटात टाकला.

१४ जून

सकाळी वीस खोल्यांचे आकडे घेतले. सगळीकडे चारशे वीस. गाण्याची खोली मुद्दाम शेवटी ठेवली. दाराच्या अरुंद काचेतून समोरची डबी तेवढी दिसते, ती वाचली. खालचा तीस. वरचा चारशे नव्वद.

मी बाहेर होते, आणि कुलूप माझ्या किल्लीविनाच उघडलेलं होतं.

शेऱ्यात लिहिलं — खोलीत माणूस आहे.