हुमणीची वही

शिराळा, १२ ऑगस्ट २०२४

चि. वीरधवल यास अक्काचे आशीर्वाद. रीत म्हणून लिहिलं. मनात आशीर्वाद नाही. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आईचा गुडघा बरा आहे. ऊस कमरेला लागलाय.

तुझं पुस्तक वाचलं. युरोपातल्या जुन्या शास्त्रज्ञ बायकांचा प्राध्यापकसाहेबांना एवढा कळवळा असेल असं वाटलं नव्हतं. ती जर्मन मारिया मेरियन बावन्नाव्या वर्षी लेकीला घेऊन बोटीनं सुरीनामला गेली आणि किडे रंगवत बसली, ते वाचून मी डोळे पुसले. मग शेवटचं प्रकरण उघडलं. उसाची मुळं खाणारी हुमणी: अंडी, अळी, कोष, भुंगेरा. सगळी चित्रं माझी, नोंदी माझ्या नऊ वर्षांच्या. खाली छापलंय, ‘निरीक्षण व रेखाटन : लेखक’.

बायकांचं श्रेय पुरुषांनी लाटलं म्हणून दीडशे पानं गळा काढलास आणि वाचायला नेलेली बहिणीची वही ढापलीस. लाज कोळून प्यालास का रे? साताऱ्यात बसून हुमणी कधी पाहिलीस तू?

ही चीड घेऊन मी भामाबाईकडे गेले. आपल्या उसात खुरपायला येते ती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“भुंगेरं आदी बांधावरच्या कडूलिंबावर उतरत्यात, हे कुणी दावलं तुमाला? कोष किती खोल घावतो ते? वहीत माजं नाव हाय का?”

नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही सुचलं नाही.

“मंग तुमच्या भावानं लय येगळं काय केलं?” म्हणाली, आणि खुरपं उचलून गेली.

मेरियनला एका झाडाची माहिती तिथल्या गुलाम बायांनी दिली, पण त्यांची नावं तिनं लिहिली नाहीत, हे तूच लिहिलंयस. ती ओळ आता मला वाचवत नाही. म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस.

रविवारी सांगलीत तुझा सत्कार आहे. भामाबाईला काल विनवून राजी केलंय. आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसू. गळ्यात हार पडायच्या आधी उठून सांगायचंस की हे भामाबाई कांबळेनं पाहिलं, क्रांतीनं काढलं आणि मी चोरलं. नाही सांगितलंस, तर मी उठेन आणि दोन्ही चोऱ्या सांगेन, तुझीही आणि माझीही.

दुसऱ्या दिवशी राखी आहे. तिचं नंतर बघू.

तुझीच सख्खी बहीण,
क्रांती